माहेरचं वर्ष

“म्हणजे गोळी की इंजेक्शन? एक काहीतरी सांगा ना!” मी जवळजवळ ओरडलोच.

हेब्बाळच्या दवाखान्यात डॉक्टर धनलक्ष्मी पुन्हा पहिल्यापासून समजावत होत्या. बाई बेळगावच्या, त्यामुळं मराठीतून. तरी माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. माझ्या मणक्यांना सूज आहे. सकाळी उठतो तेव्हा पाठ फळीसारखी. दुखण्याच्या दोन गोळ्या नेमानं घेऊन झाल्या. एकीनं फरक नाही, दुसरीनं पोट बिघडलं. आता सूज दाबणारं इंजेक्शन, नाहीतर नव्या प्रकारची गोळी. उशीर केला तर मणके एकमेकांना चिकटू शकतात, एवढं मात्र स्वच्छ कळलं होतं. मान आत्ताच वळत नाही, स्कूटर सुटली. पस्तिशीत!

“मुकुल, स्वल्प धीर धर की,” माझे वडील, अप्पा म्हणाले; त्यांच्या पलीकडे आई बसली होती. धीर धरायला यांचं काय जातंय? पाठ माझी आहे!

“दोन्ही औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती थोडी कमी होते,” डॉक्टर म्हणाल्या. “टीबी आत दडून बसला असेल तर उसळू शकतो. घरात कुणाला होता का?”

“छे छे! आमच्या घराण्यात असलं काही नाही.” अप्पांनी सोयरिकीच्या बैठकीत सांगावं तसं सांगून टाकलं.

“मला होता,” आई म्हणाली.

मला वाटलं, हिला प्रश्नच कळला नाही.

“याच्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा. हा तान्हा होता, माझ्याच कुशीत झोपायचा. माझे थोरले भाऊ म्हणाले, सासरी कळलं तर परत घेणार नाहीत. बरी होऊनच आले.” ती डॉक्टरांकडेच बघत होती. “याला चुकीचं औषध नको.”

पोर झाल्यावर ही वर्षभर माहेरीच रमली, नवऱ्याला विसरली, असं अप्पा तिला जन्मभर चारचौघांत चिडवत आलेत. आणि ती हसत आलीय. मला रडू येत होतं की राग, तेच कळेना.

“बरं झालं सांगितलंत,” डॉक्टर म्हणाल्या. “आधी याचं रक्त आणि छातीचा एक्सरे. काही दडलेलं सापडलं तर आधी त्याचं औषध, मग इंजेक्शन.”

अप्पा उठले. मला वाटलं, चालले बाहेर. पण ते आईच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले.

“हिचाही एक्सरे काढा, डॉक्टर,” ते म्हणाले. “या वेळी मी थांबतो हिच्याजवळ.”