कोरडी पट्टी

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझरसाठी माझ्या डोळ्यांचं सगळं जुळलं होतं. नंबर दोन वर्षं जागचा हलला नव्हता, बुबुळावरचा पडदा चांगला जाड निघाला, डॉक्टरबाई खूश होत्या. मग त्यांच्या मदतनीस बाईंनी माझ्या खालच्या पापणीत टीपकागदाची बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटायला सांगितले. थोड्या वेळाने ती काढून त्यांनी अशी पाहिली, जणू मी कोरा पेपर दिला होता.

"दहाच्या खुणेपर्यंत भिजायला हवी. तुमची तीनवरच थांबली."

लेझरने नंबर जातो, पण डोळा आणखी कोरडा पडतो, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. "पंधरा दिवस हे थेंब घाला. तरी पट्टी कोरडी आली, तर मी लेझर करणार नाही."

मला अग्निशमन दलात जायचं होतं. दलाला चष्मा चालत नाही, आणि माझी वयोमर्यादा यंदा संपत होती. भरतीच्या सरावात दोरावर चढून हातांची सालटी निघाली होती, आणि घोडं अडलं कुठे, तर पापणीत.

हे घरी सांगितलं ही माझी चूक. 'डोळ्यांत पाणी कमी' हे आईने थेट संस्कारांवर घेतलं. आमची आई दूध उतू गेलं तरी रडते. तिच्या पोटची मुलगी कोरडी म्हणजे काय!

"बापावर गेलीय," तिने निकाल दिला. "माझे वडील गेले तेव्हा हा माणूस खांबासारखा उभा. थोरला परदेशी गेला तेव्हाही तेच. तीस वर्षांत डोळ्यात टिपूस नाही. भट्टीपुढे उभा राहून राहून आतून वाळलाय."

बाबा बेकरीत भट्टीवर होते. असं काही कानावर आलं की ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचे. याहून मोठं उत्तर त्यांनी कधी दिल्याचं मला आठवत नाही. मलाही ते दगडच वाटायचे, खोटं कशाला बोलू?

मी इमानेइतबारे थेंब घालत होते, पण आईचा विकतच्या पाण्यावर विश्वास नव्हता. फेरतपासणीच्या दिवशी तिने मामाला बोलावून घेतलं. मामा मयताला आला की रडून दमलेली माणसंसुद्धा पुन्हा नव्याने सुरू होतात, एवढी त्याची ख्याती. असे आम्ही बाबांसकट चौघं दवाखान्यात जाऊन बसलो.

"डोकं ठेव माझ्या खांद्यावर," मामा म्हणाला आणि त्याने स्वतःच्या जुन्या स्कूटरची गोष्ट काढली. ती भंगारात कशी दिली, भंगारवाला तिला ढकलत नेत असताना वळणावर तिचा हॉर्न आपोआप कसा वाजला. "मला हाक मारली गं तिने! आणि मी... मी पैसे मोजत होतो!"

समोरच्या आजोबांना हुंदका फुटला. त्यांच्या शेजारची बाई हमसून रडायला लागली. काउंटरवरच्या माणसाने पावती अर्धवट सोडून रुमाल काढला. आणि मी? मला हसू आवरेना. पालथ्या घड्यावर पाणी! आईने पिशवीतून कांदा काढला, तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"काय चाललंय इथे? या आजोबांच्या डोळ्यांत घातलेलं औषध सगळं वाहून गेलं!" त्यांनी कांदा जप्त केला. "अहो, तिला रडवायचं नाहीये! रडायचं पाणी वेगळं, डोळा ओला ठेवायचं वेगळं!"

"आमच्या घरात पाण्याला कमी नाही," आई ठसक्यात म्हणाली. "मला लावा तुमची पट्टी!"

कटकट मिटावी म्हणून मदतनीस बाईंनी तिला लावली. पट्टी बघता बघता टोकापर्यंत भिजून गालावर गळायला लागली. आईने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"आणि वडील?" डॉक्टरबाईंनी आता कुतूहलाने विचारलं.

बाबांची पट्टी जशी लावली तशीच निघाली.

"डोळे खुपतात?"

"खुपतात."

"रडू येतं?"

बाबांनी आईकडे पाहिलं. "येतं. पाणी येत नाही."

मामाचा हुंदकासुद्धा मधेच थांबला.

"माझे वडील गेले तेव्हा?" आईने हळूच विचारलं.

"तेव्हा तर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं."

"मग बोलायचं नाही का माणसाने?"

"काय बोलू? मला रडू येतंय, असं सांगत फिरू?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि तोंडाला रुमाल लावून, अजिबात आवाज न करता रडली. ती अशीही रडू शकते हे मला माहीत नव्हतं.

माझी पट्टी चारवर आली.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला लेझर केलं तर नंबर जाईल आणि जळजळ जन्माची राहील. माझी मुलगी असती तरी मी नाहीच म्हटलं असतं." त्यांनी मला आणि बाबांना थेंबांची एकेक बाटली दिली.

बाहेर बाकावर येऊन बसले. संपलं होतं सगळं. डोळे नुसते चरचरत होते.

"पोरगी घट्ट आहे हो," मामा कौतुकाने आजोबांना म्हणाला. "डोळ्यात टिपूस नाही बघा."

मी चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता. तरी मी पुसत राहिले, पुसतच राहिले.

बाबा माझ्या हातांकडे बघत होते. ते उठून शेजारी येऊन बसले, खिशातून नवी बाटली काढली आणि तिचं झाकण उघडलं.

"मान वर कर."

त्यांनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. जरा जास्तच घातले. ते कानापर्यंत ओघळले.

"हां," बाबा म्हणाले. "आता रड."

मग बाटली माझ्या हातात देऊन त्यांनी आपला चष्मा काढला आणि स्वतःची मान वर केली.