कात्रीवाल्या संताचा दिवस

आधीच सांगते, ब्रिजिट डिमेलो या बाईचं मला तोंडसुद्धा बघायचं नव्हतं. पार्ल्याच्या गावठाणात आमची गल्ली एवढीशी, की ती शिंकली तर मला ऐकू येतं. समोरासमोर दोन लेडीज टेलर, मध्ये दहा पावलं. तरी सहा वर्षं आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो.

मी रत्नप्रभा, मूळची देवगडची. एकोणीस वर्षं मी त्या बाईच्या हाताखाली काढली. नवरीचे गाऊन, कम्युनियनचे फ्रॉक, सगळं तिच्याकडे शिकले, ते मी नाकारत नाही. पण माणसाने ऐकून तरी किती घ्यायचं? एक दिवस भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, तिने मी शिवलेला ब्लाउज उलटा केला. "रत्ना, माया कुठाय? ही बाई काय मरेपर्यंत एवढीच राहणार?" शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. मी कमी ठेवायचे. फिटिंग झकास बसतं. त्या दिवशी मी कात्री टेबलावर आपटली आणि महिन्याभरात समोरचा गाळा घेतला.

तिच्या भिंतीवर एका संताचा फोटो आहे. होमोबोनस. शिंप्यांचा राखणदार म्हणे, हातात कात्री. गल्लीत सगळे त्याला कात्रीवाला बाबा म्हणतात. तेरा नोव्हेंबरला त्याचा सण. त्या दिवशी ती सगळ्या कात्र्या फोटोखाली ठेवते, मेणबत्ती लावते आणि दिवसभर एक चिंधीसुद्धा कापत नाही. चाळीस वर्षांचा नेम. एकदा नेमका तेरा तारखेला तिचा सख्खा भाऊ गेला, मयताला काळा ड्रेस हवा होता, तरी हिने कात्री उचलली नाही. शेजारणीचा ढगळ ड्रेस घालून गेली, पण नेम मोडला नाही. अशी हट्टी.

मग मीही माझ्या दुकानात नामदेव महाराजांचा फोटो लावला. आमच्यातही शिंपी संत आहे म्हटलं, तुमचंच काय कौतुक! तर हिने गिऱ्हाइकाबरोबर निरोप धाडला, "रत्नाला सांगा, नामदेवसुद्धा माया ठेवत असणार." मेली!

आणि अशा बाईच्या घरात माझी एकुलती एक पोरगी जाऊन पडावी? श्रुतिकाने जमवलं ते नेल्सनशी, ब्रिजिटच्या बहिणीच्या मुलाशी. मी म्हटलं, "अगं, मुंबईत पोरांचा दुष्काळ पडलाय काय?" तिने वाद घातला नाही. म्हणाली, "आई, चौदा नोव्हेंबरला लग्न आहे. गाऊन तू शिव. मला तुझ्याच हातचा हवाय." मी हो म्हटलं. आणि त्या क्षणापासून तिच्याशी बोलणं टाकलं.

अबोला म्हणजे अबोला. माप घ्यायचं तर तिला हात लावावा लागणार, "सरळ उभी राहा" म्हणावं लागणार. मी कशाला म्हणू? तिच्या कपाटातून गेल्या वर्षीच्या गणपतीतला ब्लाउज काढला आणि गिऱ्हाइकं आणून देतात तसा तोच मापाचा ब्लाउज धरून वरचा भाग कापला. पांढरंशुभ्र सॅटिन. मागे चार हात लांब शेपटी सोडली, गल्लीने बघत राहावं अशी. खरं सांगायचं तर ब्रिजिटने बघत राहावं अशी. माया ठेवली पाव इंच. चुकून नाही हं. कापताना खडूची रेघ मी एकदा बाहेर ओढली होती, ती पुसली आणि परत आत ओढली. रागच तेवढा होता.

बारा तारखेला गाऊन पिशवीत घालून तिच्या पलंगावर ठेवला. घालून बघ, असंही म्हटलं नाही.

तेराला सकाळी अकराच्या सुमारास ब्रिजिट माझ्या दुकानात शिरली. हातात गाऊन, मागे श्रुतिका, डोळे रडून लाल. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली. सहा वर्षांनी ती बाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते हे, "रत्ना, काय आहे हे?"

"गाऊन आहे. डोळे गेले काय?"

"चेन लागत नाही हिला. दोन इंच कमी आहे."

"मग हिने खाणं कमी करायचं होतं."

जिभेला हाड नसतं ते असं. श्रुतिकाने खाली बघितलं. "मी तुझ्याकडेच येणार होते आई," ती म्हणाली, "पण तू बोलत नाहीस ना."

ब्रिजिटने गाऊन टेबलावर टाकला आणि उलटा केला. बगलेपासून कमरेपर्यंत शिवणीवर बोट फिरवत नेलं. आता ओरडेल, म्हटलं.  पण ओरडायची गरजच नव्हती, हातच्या कांकणाला आरसा कशाला? श्रुतिका मशीनच्या पायाशी चिंध्यांत खेळून मोठी झालेली पोर. तिने वाकून बघितलं आणि तिला कळलं.

"आई, तू माझ्या गाऊनला माया ठेवली नाहीस?"

"फिटिंग बसावं म्हणून..."

"खोटं नको बोलूस. शेजारच्या मीरावहिनीच्या ब्लाउजला दीड इंच ठेवलीस. मी बघितलंय. दुकानात येणाऱ्या कुठल्याही बाईला ठेवतेस तू."

खरं होतं ते. स्वतःचं दुकान टाकल्यावर गिऱ्हाइकं ओरडायला लागली तशी मी गपचूप सगळ्यांना माया ठेवायला शिकले होते. श्रुतिका शिंप्यांचाच शब्द वापरत होती, दुसरं काही म्हणत नव्हती. पण बाकावरच्या दोघींनी माना खाली घातल्या आणि मला माझ्याच दुकानात उभं राहवेना.

"भांडण लग्नानंतर करा," ब्रिजिट म्हणाली. "रत्ना, ही शेपटी काप. त्यातून दोन कळ्या, लांबट पट्ट्या काढ, दोन्ही बगलांखाली जोडून टाक. नवीन माप घे. माझी कात्री आज चालत नाही, तुझी चालते."

मी गळ्यातली टेप काढली आणि श्रुतिकाकडे गेले. दीड महिन्यात पहिल्यांदा तिच्या एवढं जवळ गेले. ती मागे सरकली. पाठ कापडांच्या फळीला टेकली, तसे तिने दोन्ही हात छातीशी धरले.

"आंटी, तुम्ही घ्या."

ब्रिजिटने मला हिणवलं असतं तर बरं झालं असतं, मला तिला शिव्या घालता आल्या असत्या. तिने नुसती माझ्या हातातली टेप घेतली. "लिही," म्हणाली. मी वही उघडली. छाती छत्तीस. कंबर एकतीस. माझ्या मापाच्या ब्लाउजात छातीला आणि कंबरेला दोन-दोन इंच कमी होते. माझी पोरगी वर्षभरात केवढी झाली ते मला दुसऱ्या बाईने सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

मग मी कात्री उचलली, शेपटी ओढून टेबलावर पसरली. श्रुतिकाने झडप घालून कापड पोटाशी धरलं.

"नको. आंटी, हिला हात लावू देऊ नका."

हिला, म्हणाली.

"पोरी, आज तेरा तारीख आहे," ब्रिजिट हळूच म्हणाली.

"माहितेय. राहू दे मग. उद्या साडी नेसते मी."

ब्रिजिट माझ्या दारात जाऊन उभी राहिली. समोर तिच्या दुकानात मेणबत्ती जळत होती. आणि मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. म्हटलं, नाही उचलणार ही. सख्ख्या भावासाठी उचलली नाही, माझ्या पोरीसाठी काय उचलणार! मग हीसुद्धा माझ्याच पंक्तीला. देवा, एवढी नीच झाले होते मी.

ती गल्ली ओलांडून गेली. फोटोसमोर उभी राहून तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला, खाली वाकली आणि तिची मोठी कात्री घेऊन परत आली.

"सरक," मला म्हणाली.

मी सरकले. श्रुतिकाने पोटाशी धरलेलं कापड सोडलं, स्वतः टेबलावर पसरलं आणि एक टोक ताणून धरलं. दुसरं टोक लोंबत होतं. मी ते धरायला हात पुढे केला.

"राहू दे," श्रुतिका म्हणाली, माझ्याकडे न बघता. "आम्ही करतो."

आम्ही. माझ्याच दुकानात, माझ्याच टेबलापाशी. मी वही हातात घेऊन बाकावर जाऊन बसले, गिऱ्हाइकांच्या शेजारी.