ताईने कापलेला आवंढा

सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच्या चाचणी खेळाला प्रेक्षक हसले आणि ताईने चमकून मागे पाहिलं. हसण्याची जागाच नव्हती ती. घडण्याआधीच गुन्हा ओळखणारं सिनेमातलं यंत्र पडद्यावर खुद्द नायकाचंच नाव सांगत होतं: हा पोलीस अधिकारी उद्या खून करणार.

"यंत्र बिघडलंय!" मागून कुणीतरी ओरडलं. "आमचा दादा मुंगीसुद्धा मारायचा नाही."

अख्खं सभागृह खदखदून हसलं.

हा सगळ्यांचा दादा म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. रक्तदानाच्या फलकावर तो, दंतमंजनाच्या डबीवरही तोच. जावई असावा तर असा, असं घरोघरी म्हणत. त्याचा प्रत्येक सिनेमा ताईनेच संकलित केला होता.

दुसऱ्या दिवशी संकलनाच्या खोलीत दिग्दर्शक डोकं धरून बसले होते. "हा खून करेल अशी शंकाच आली नाही, तर पुढे लोकांनी बघायचं काय?"

"उलट उत्तम झालं," प्रसिद्धी सांभाळणारे गृहस्थ म्हणाले. "प्रतिमा शाबूत आहे. यंत्रच चुकलं असं दाखवा आणि शेवट बदला."

ताईने त्या प्रसंगाचं न कापलेलं चित्रण लावलं. स्वतःचं नाव ऐकून भाऊ थबकतो, आवंढा गिळतो आणि हात पाठीमागे लपवतो. नेमकं तेवढंच तिने उडवलं होतं. लहानपणी तो चारचौघांत आवंढे गिळायचा आणि पोरं त्याला भित्री भागूबाई म्हणून चिडवायची. तेव्हापासून ताई त्याची ढाल झाली होती. पहिल्याच सिनेमात तिने त्याचा आवंढा कापला. पुढे आवंढा दिसला की कात्री, हे तिच्या हाताच्या इतकं अंगवळणी पडलं, की डोक्याला विचारायची गरजच उरली नाही.

तिने भावाला बोलावून घेतलं. तो तुकडा पाहून तो खुर्चीतून उठलाच.

"हा काढलास तू?"

"नेहमीच काढते. तू बावळट दिसू नयेस म्हणून."

"अगं ताई, पहिल्या सिनेमातला खरा होता. पुढचे सगळे मी आरशापुढे घोटवलेत! पडद्यावर कधी दिसायचेच नाहीत. मला वाटायचं, आपल्याला जमत नसेल."

"मग विचारायचं नाही, गधड्या?"

"तुला? तुझ्यापुढे अजूनही खराच येतो."

दिग्दर्शकांना हसू फुटलं. प्रसिद्धीवाले मात्र कळवळले. "साहेब, असा चेहरा दाखवलात तर घरोघरचा जावई गेला म्हणून समजा. दंतमंजनवाले करार मोडतील."

"मोडू देत. दात माझेच आहेत," भाऊ म्हणाला. "ताई, तो तुकडा घाल. एकदा तरी लोकांना माझी भीती वाटू दे."

ताईने तो जिथल्या तिथे जोडला.

पुढच्या चाचणीला नवे प्रेक्षक होते. यंत्राने नाव घेतलं. पडद्यावर भावाने आवंढा गिळला, हात पाठीमागे गेले. ताईने रांगांवरून नजर फिरवली. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानाशी लागली, "हा करेल गं. नक्की करेल."

आपल्या भावाला कुणी खुनी म्हणावं आणि बहिणीच्या अंगावर मूठभर मांस चढावं, असं जगात क्वचितच घडत असेल.

खेळ संपल्यावर भाऊ दारापाशी येऊन उभा राहिला. एरवी त्याच्या गळ्यात पडायला झुंबड उडायची. आज लोक चार हात लांबच थबकले. ती पुढच्या रांगेतली बाई तर शेजारणीच्या मागे सरकली. प्रसिद्धीवाल्यांनी कपाळाला हात लावला.

भावाने गर्दीवरून ताईकडे पाहिलं. "जमलं का गं?"

"विचारतोस काय? जवळ यायची छाती आहे का कुणाची, बघ तरी!"

असं म्हणून ताई गर्दीतून वाट काढत गेली, त्याचा दंड धरून उभी राहिली आणि कुणी विचारलं नसतानाही त्या बाईला म्हणाली, "माझा भाऊ आहे हा."