कोरा लठ्ठा

आसमाकडे कपड्यांचे सहा जोड होते, आणि त्या सहांचा तिला केवढा ताठा! दोन घरात घालायचे, दोन शाळेत शिकवायला जायचे, एक लग्नाकार्याचा, आणि एक अडीअडचणीला. नणंदेच्या लग्नात ही बाई गेल्या ईदेचाच ड्रेस घालून उभी राहिली, तेव्हा बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. हिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. वर्षभरात ज्या कपड्याला हात लागला नाही तो घरात ठेवायचा नाही, हा नियम तिने मोबाइलवर कुठल्याशा बाईकडून उचलला होता आणि असा पाळला होता की विचारू नका.

तिचं सगळंच चुकत होतं असं नाही. मलकापुरातलं ते दोन खोल्यांचं घर. सासरे हबीब मास्टर शिंपी. ते गेले तेव्हा मागे एक शिलाई मशीन आणि कापडांचा डोंगर ठेवून गेले. आसमा नवी नवरी होती तेव्हा कुठलीही पेटी उघडा, आतून अस्तर, पायजम्याचा लठ्ठा, कोणाच्या तरी न शिवलेल्या सदऱ्याचं कापड बाहेर पडायचं. पाच वर्षांत तिने ते सगळं हळूहळू काढलं आणि घराला हवा लागली. नवरा वकार कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो या भानगडीत पडत नसे. सासू चांदबी तेवढी हसायची. "तुह्या कपाटात उंदीर शिरला त उपाशी मरन वं," म्हणायची. खरी गंमत अशी की चांदबीकडे स्वतःच्या चारच साड्या होत्या. चार साड्या आणि पलंगाखालची एक पत्र्याची पेटी. कमी कपड्यांत कसं राहावं हे त्या म्हातारीला कोणी मोबाइलवर शिकवलं नव्हतं.

यंदा पावसाची झड लागली आणि चांदबीचा दमा उसळला. तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. पेशंटच्या खोलीत ओलसर, कुबट वासाचं काही ठेवू नका, असं डॉक्टरांनी आसमाला बजावलं. आसमाला तेवढंच हवं होतं. मंगळवारी ती घरी एकटीच होती. तिने खोली धुऊन काढली, जाळी झाडली आणि पलंगाखालची पेटी ओढली. आत दोन जुन्या शाली, मास्टरांचा कोट, आणि तळाशी उशीच्या गिलाफात घडी घालून ठेवलेला पांढरा लठ्ठा. चांगला लांबलचक, न शिवलेला. मास्टरांच्या मालातला राहून गेला असणार, असं ती धरून चालली. सासूला विचारावं असं क्षणभर मनात आलंही, पण तिला तिथे धाप लागलेली, तिला कशाला त्रास द्या! आसमाचं मन वाईट नव्हतं. घाई वाईट होती.

दुपारी जयमाला भांडेवाली आली, डोक्यावर भांड्यांचं टोपलं आणि काखेत कपड्यांचं गाठोडं घेऊन. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. शाली आणि कोट बघून तिने नाक मुरडलं, लठ्ठा बघून मात्र तिचा हात थांबला.

"हे पांढरं त वापरेलच नाई भाभी. पाह्यजा, मंग म्हणसान."

"घेऊन जाय मावशी. जे वापरत नाई ते ठेवाचं नाई, आपला उसूल हाय."

झाकणाचं एक स्टीलचं पातेलं मिळालं. मग आसमाने रिकाम्या पेटीचा फोटो काढून स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, 'मोकळं घर, मोकळं मन.' मैत्रिणींनी टाळ्या पाठवल्या.

एकोणीस दिवसांनी चांदबीला घरी आणलं. बरी झाली म्हणून नव्हे. आता जे काही व्हायचं ते घरच्या माणसांत होऊ द्या, असं डॉक्टरांनी वकारला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आसमा त्याच नव्या पातेल्यात सासूसाठी पेज गरम करत होती. वकार आत आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आसमा, अम्मीच्या पेटीत उशीच्या गिलाफात कफन हाय. काढून ठेव. टायमावर शोधाशोध नको."

"कोणतं कफन?"

"अम्मी मामूसंग मक्केले उमऱ्याले गेलती ना, आपल्या निकाहाच्या पहिले. तवा लठ्ठा घेऊन गेलती. आपल्या हातानं तिथल्या जमजमच्या पाण्यातून काढला, तिथंच वाळवला. मलेच फक्त सांगितलं होतं. म्या म्हटलं, असल्या चीजचं नाव काढू नको घरात. म्हणून तुले कोणी बोललं नाई."

पेज उतू गेली. आसमाने गॅस बंद केला. हात आपोआप ओटा पुसत होते.

"काढते," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत येऊन ती भिंतीला टेकली. अल्ला, हे मी काय करून बसले! सासूने सगळ्या आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एक कापड राखलं होतं, आणि ते आपण पातेल्यापायी दिलं. वकारला सांगावं तर त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, तीन रात्री झोपला नव्हता तो. जयमालाने अजून विकलं नसेल. जुन्या बाजारात लोक शर्ट बघतात, साड्या बघतात, पांढऱ्या कापडाला कोण विचारतं? तिने पातेलं रिकामं करून घासलं, पिशवीत टाकलं, औषध आणते म्हणून सांगितलं आणि ऑटो केला.

जयमाला स्टेशनपलीकडच्या वस्तीत राहायची. विचारत विचारत आसमा पोचली. पत्र्याच्या छपराखाली कपड्यांचा ढीग लागलेला होता, कमरेइतका उंच. अख्ख्या मलकापुराने अंगावरून उतरवलेलं सगळं तिथे होतं, एकदाच घातलेले जरीचे ड्रेस, लेबलं न काढलेले शर्ट, पोरांचे गणवेश. जयमाला एका कडेला बसून बटणं तोडत होती. आसमाने तिला सलाम केला नाही, काही विचारलं नाही. ती सरळ ढिगात हात घालून उपसायला लागली.

"भाभी! कायले उकरून राह्यल्या?"

"मावशी, तो पांढरा लठ्ठा. त्या मंगळवारचा. हे पातेलं घ्या तुमचं वापस. वरून काय पाह्यजे ते सांगा, मी देते. माह्या कानातले घ्या."

जयमालाने पातेल्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "तो नाई आता."

"कोणाले इकला? नाव सांगा फक्त, मी जाते. देऊळगाव राजाले असला तरी जाते."

"इकला नाई वं माय. माहा मालक गेला, कडूबा. तुमच्याकून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी. छातीत कळ आली अन् बसल्या जागी गेला. झड लागेल होती, दुकानं बंद. घरात तेवढंच एक नवं होतं." ती बटणं चिमटीत फिरवत राहिली. "जलमभर त्यानं लोकायचे उतरेल कपडे घातले भाभी. या ढिगातले. म्या म्हटलं, जाताखेपी तरी दुसऱ्याचं उतरेल नको. तेच पांघरून नळगंगेच्या काठी मसणात नेला."

तेव्हा कुठे आसमाचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं. रुपयाएवढं कुंकू असायचं तिथे काही नव्हतं. आसमा त्या ढिगातच खाली बसली. आता रागवायचं तरी कोणावर?

"काय होतं ते भाभी?"

"माह्या सासूचं कफन होतं."

जयमालाचा हात तोंडाशी गेला. मग हळूच म्हणाली, "अन् तुमी मले देऊन टाकलं?"

जयमालाने पातेलं तिच्या पिशवीत परत ठेवलं आणि ऑटोपर्यंत तिला हाताला धरून सोडलं. नुकती विधवा झालेली बाई हिला सावरत होती, याचीही आसमाला लाज वाटली.

बाजारात कापडाच्या दुकानात तिने लठ्ठा मागितला. दुकानदाराने कात्री हातात घेऊन विचारलं, "कफनाले पाह्यजे का? बाईमाणूस की गडीमाणूस?" तिने मान हलवून "बाई" म्हटलं. बायकांच्या कफनाला पाच कपडे लागतात, हे त्याला पाठ होतं. शेजारून तिने अत्तराची कुपी घेतली आणि ऑटोत बसल्या बसल्या घड्यांना अत्तर चोळलं. घरी मागच्या दाराने शिरली. तिच्या कपाटात जादा गिलाफ कुठून असणार? तिने स्वतःच्या उशीचा काढला आणि लठ्ठा त्यात घातला.

"भेटलं का?" वकारने विचारलं.

"हाव."

पलंगावरून चांदबीने हात उचलला. "मले दाखव."

वकारने घडी तिच्या छातीवर ठेवली. आसमा पायथ्याशी उभी होती. चांदबी शिंप्याची बायको होती. चाळीस वर्षं मास्टरांच्या शेजारी बसून तिने काजं केली होती, तुरपाई घातली होती. तिने लठ्ठ्याची कड अंगठ्यात आणि बोटात धरून चोळली. एकदा, दोनदा. मग बोटं थांबली. तिने आसमाकडे पाहिलं. आसमाला वाटलं, आता ती बोलणार, वकारसमोर बोलणार, आणि या घरातलं आपलं सगळं संपणार.

"हाच ना अम्मी?" वकारने विचारलं.

"हाव बेटा," चांदबी म्हणाली. "हाच."

वकार सिलिंडरवाल्याला फोन करायला बाहेर गेला. तो जाईपर्यंत चांदबी डोळे मिटून पडली होती.

"कोरा हाय," ती म्हणाली. मध्ये दोन श्वास गेले. "खळ हाय याले. माहा कुठी गेला?"

आसमाने पलंगाच्या कडेला डोकं टेकलं आणि सगळं सांगून टाकलं. जयमाला, कडूबा, नळगंगा. "म्या देला अम्मी. पातेल्यासाठी देला. मले वाटलं, कोणी हात लावत नाई."

चांदबीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. "दर ईदेले काढून पाह्यची म्या," ती म्हणाली. "तुमी सगळे जेवून झोपले का."

आसमाला रडताही येईना. म्हातारीने शिव्या दिल्या असत्या, हात झिडकारला असता तर बरं झालं असतं. सिलिंडर बुडबुडत होतं. मग चांदबीने विचारलं, "त्या माणसाले पुरला का?"

"पुरला अम्मी."

"बरं झालं." पुन्हा दोन श्वास. "याची खळ काढ. कडक कपडा टोचते मले."

आसमा लठ्ठा घेऊन मोरीत बसली. पहिल्या पाण्याला दुधासारखी खळ निघाली. दुसऱ्याला निघाली, तिसऱ्यालाही निघाली. तिचे हात भरून आले, पण ती चोळत राहिली. कापड मऊ झालंच पाहिजे. जमजम आणता येणार नव्हतं, तो पांढरा लठ्ठा नळगंगेवरून परत येणार नव्हता. हातात एवढंच एक उरलं होतं. चौथ्या पाण्याला लठ्ठा खरंच मऊ पडला. तिने तो पिळून पडवीतल्या दोरीवर टाकला. आभाळ गच्च होतं. सादळलेल्या हवेत पडदाही दोन-दोन दिवस वाळत नव्हता आणि सकाळपासून लाइन गेलेली, म्हणून इस्त्रीही नाही. ती टोक धरून झटकत राहिली, झटकत राहिली.

आतून वकारने हाक मारली. कुठली हाक कशासाठी आहे हे माणसाला कळतं. आसमा धावली, पण चांदबी गेली होती.

मग सगळं भराभर झालं. घर बायकांनी भरलं. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर मिट्टी द्यायची, असं ठरलं. मयताला शेवटची आंघोळ, म्हणजे गुसल, देणारी मुबीना खाला पडदा लावून आत गेली आणि थोड्या वेळाने तिने आतून आवाज दिला, "चला, कफन आणा."

वकार पडवीत आला. आसमा दोरीखाली लठ्ठ्याचं एक टोक दोन्ही हातांनी ताणून उभी होती. त्याने कापडाला हात लावला.

"ओला काऊन हाय हा? अम्मीनं त तिथूनच धुऊन आणला होता."

आसमाला खोटं बोलता आलं असतं. डाग दिसला म्हणून धुतला, एवढं म्हटलं असतं तरी त्याने मानलं असतं. तिने ते म्हटलं नाही. कापड धरूनच तिने त्याला सगळं सांगितलं, चार वाक्यांत, रडता रडता. वकारचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्याच्या हाताची मूठ झाली होती.

"अम्मीले माहीत होतं?"

"हात लावला अन् कळलं तिले."

"अन् तरी मले म्हणे, हाच?"

"हाव."

आतून मुबीना खालाने पुन्हा विचारलं, किती वेळ अजून? वकारची मूठ सुटली. त्याने दोरीवरून लठ्ठ्याचं दुसरं टोक ओढून घेतलं आणि तो पडवीच्या त्या कडेला जाऊन उभा राहिला. दोघांनी कापड वाऱ्यात ताणून धरलं. तो आसमाकडे बघत नव्हता. आसमाने मधोमध गाल लावून पाहिला. लठ्ठा मऊ होता, पण अजून ओला होता.

"खाला, जरा थांबा," ती आत ओरडून म्हणाली. "अम्मीले थंडी वाजन."