नऊ अक्षरांची जागा

बावीस. बाईंनी डबे पुन्हा मोजले. बावीसच. परवा संध्याकाळी कुलूप लावतानाही बावीसच होते.

“भाऊ,” त्यांनी खिडकीतून टाइमकीपरला हाक मारली, “काल एकतीस नंबरच्या गाडीला तीन लिटर हायड्रॉलिक दिल्याची नोंद आहे तुमच्या अक्षरात. कशातून दिलंत?”

“कशातून म्हणजे? मिस्त्रींनी ब्रेक ऑइल मागितलं. यादीत बघितलं, हायड्रॉलिक. पिंपावर बघितलं, हायड्रॉलिक. दिलं काढून. सीलबंद डबे कशाला फोडायचे म्हटलं, पिंपाला नळ आहेच की.” काटकसर केल्याबद्दल शाबासकी मिळणार, अशा चेहऱ्यानं तो उभा होता.

बाईंनी वळून पिंपाकडे पाहिलं; त्यात जॅकचं तेल होतं.

बस डेपोच्या तेलाच्या स्टोअरमध्ये त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. खरं तर त्या टायपिस्ट म्हणून लागल्या. स्टोअरचा माणूस आजारी पडला म्हणून पंधरा दिवसांसाठी त्यांना इथे पाठवलं, आणि ते पंधरा दिवस अजून संपायचे होते. पिंपांवरची अगम्य अक्षरं त्यांनी एका वहीत उतरवून घेतली आणि येईल त्या मिस्त्रीला, ड्रायव्हरला, पिंप उतरवणाऱ्या हमालालाही विचारून पाठ केली. पंधरा-डब्ल्यू-चाळीस हे इंजिनाचं. त्यातला डब्ल्यू वजनाचा नसून हिवाळ्याचा, हे कळायलाच दोन वर्षं लागली, कारण सगळे मिस्त्री तो वजनाचाच समजत होते. जीएल-चार आणि जीएल-पाच ही दोन्ही गिअरची, पण पाच मोठा म्हणून चारपेक्षा चांगला असं नसतं. नको त्या गिअरबॉक्समध्ये पाच पडलं तर आतलं पितळ खातं. आणि त्या बावीस सीलबंद डब्यांतलं डॉट तीन हे ब्रेकचं. त्याला सगळं जग ब्रेक ऑइल म्हणतं, पण ते ऑइल नसतंच. त्यात खरं तेल पडलं तर आतले रबर फुगतात. हे त्या इतक्यांदा कानीकपाळी ओरडल्या होत्या की डेपोत त्यांचं नाव डॉटबाई पडलं होतं.

“बाई, तेल म्हणजे तेल,” हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नव्हती.

त्यात दोन वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयानं कॉम्प्युटरची यादी आणली. वस्तूच्या नावाला जागा किती, तर इंग्रजी नऊ अक्षरांची. गॅरेजमधला गाड्या उचलायचा जॅक चालतो ते अडुसष्ट नंबरचं हायड्रॉलिक तेल, आणि लहान गाड्यांच्या ब्रेकचं हायड्रॉलिक फ्लुइड डॉट तीन, या दोघांचं नाव नऊ अक्षरांत कापल्यावर एकच उरलं. हायड्रॉलिक. पुढे आकडे तेवढे वेगळे, एकेचाळीसशे सात आणि एकेचाळीसशे आठ. बाईंनी तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं की पत्र योग्य त्या विभागाकडे पाठवलं आहे. तिसऱ्याला आलं की पहिलं पत्र सापडत नाही.

आणि काल, थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून त्यांनी एक दिवस रजा घेतली, किल्ली टाइमकीपरकडे दिली.

“एकतीस नंबर कुठे आहे?”

“सव्वासहालाच गेली. डोंगरापलीकडच्या फेरीला. का हो?”

भिंतीवर सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मोठ्या गाड्यांना हवेचे ब्रेक; तेलाचे ब्रेक फक्त नऊ लहान गाड्यांना, आणि त्यातली ही एक. पावणेआठला ती मधल्या थांब्यावर पोचणार. तिथून पुढे अकरा किलोमीटर नुसता उतार.

बाई वाहतूक शाखेत धावल्या. शाखेचे कारकून चष्मा पुसत होते.

“एकतीस नंबर थांबवा. ब्रेकमध्ये जॅकचं तेल गेलंय.”

“लेखी आहे?”

“अहो, गाडी रस्त्यावर आहे!”

“म्हणूनच लेखी लागतं. उभ्या गाडीला तोंडी चालतं.” त्यांनी चष्मा चढवला. “साहेब बैठकीला गेलेत. नऊला येतील. सही झाली की लगेच कळवतो.”

“नऊपर्यंत ती उतारावर असेल.”

“बाई, तुमचं स्टोअर. आमची वाहतूक. उद्या मी तुमच्या पिंपात हात घातला तर चालेल?”

घालाच, आणि बुडून मरा, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी टेबलावरचा फोन ओढला आणि मधल्या थांब्याचा नंबर फिरवला. तेवढ्यात पदरामागच्या पिशवीत त्यांचा मोबाइल वाजू लागला. नवरा.

“अगं, ताईंच्या डोळ्यात थेंब घालायचेत. दोन बाटल्या आहेत. निळ्या झाकणाची की पांढऱ्या?”

“झाकण बघू नका हो, नाव वाचा!”

“दोन्हींवर इंग्रजीत काहीतरी—”

“मग वाचा ना ते काहीतरी! चिठ्ठीवर तेच लिहिलंय. अक्षर अन् अक्षर जुळल्याशिवाय थेंब घालू नका.” फोन पिशवीत कोंबला. दुसऱ्या कानाला मधल्या थांब्याचा नियंत्रक लागला होता.

“कोण बोलतंय?”

“डेपोचं स्टोअर. एकतीस नंबर आली की पुढे सोडू नका.”

“स्टोअरच्या सांगण्यावरून गाडी थांबत नसते.”

“मग कोणाच्या सांगण्यावरून थांबते?”

“साहेबांच्या.”

“साहेब बैठकीत आहेत. लिहून घ्या. स्टोअरकीपर, बिल्ला नंबर आठशे तेरा. गाडी माझ्या जबाबदारीवर थांबवली. वेळही लिहा. सात एकतीस. लिहिलंत?”

पलीकडे कागदाचा आवाज झाला. “लिहिलं. पण बाई, हे तुमच्या अंगाशी येईल.”

“येऊ दे.”

पावणेआठ झाले. सात पन्नास. कारकुनांनी चहा मागवला, बाईंनाही विचारलं. त्यांनी मान डोलावली. सात चोपन्नला फोन आला. ड्रायव्हर वैतागलेला होता.

“बाई, सव्वीस पॅसेंजर माझ्या नावानं शंख करतायत. ब्रेक लागतोय चांगला.”

“लागतोय. पण सुटतोय का?”

“सकाळपासून गाडी जड ओढतेय खरी. मला वाटलं, ब्रेकला नवे लायनर बसवलेत म्हणून.”

“चाकाजवळ हात नेऊन बघा.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, मग नुसता गलका. कोणीतरी मुलगी तावातावानं विचारत होती की तिच्या परीक्षेचं आता काय. ड्रायव्हर परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

“हात ठेववत नाही हो. पुढची दोन्ही चाकं तापलीत. आणि आता पेडल दाबलं तर खालीच राहिलं.”

“गाडी तिथेच ठेवा,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी चहा घेतला. तो पार निवला होता.

दुपारी गाडी ओढून आणली. मिस्त्रींनी ब्रेकचा मुख्य सिलेंडर सोडवला, आतला रबर काढला आणि नव्या रबराशेजारी फडक्यावर ठेवला. दोन्ही एकाच मापाचे असायला हवे होते. जुना सुजून दीडपट झाला होता, आणि कडेनं मऊ पडला होता. मिस्त्रींनी तो उचलून नाकाशी नेला.

“रंग तोच होता,” ते म्हणाले. “वासही घ्यायला हवा होता मी.”

टाइमकीपर दाराशी उभा होता. सकाळपासून तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. “बाई, माझी पुतणी रोज त्याच गाडीनं कॉलेजला जाते,” तो म्हणाला.

दिवसभर बाईंनी त्याच्यासाठी केवढं तरी साठवून ठेवलं होतं. सव्वीस वर्षांचं सगळं तेल-म्हणजे-तेल आज त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ओतायचं असं ठरवलं होतं. पण त्याच्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, “उद्या अर्धा तास लवकर या. सगळी पिंपं दाखवते.”

चार दिवसांनी मेमो आला. बाईंना.

विनापरवाना गाडी थांबवली. सव्वीस प्रवाशांची दोन तास गैरसोय झाली. एका प्रवासी महिलेची परीक्षा बुडाल्याची लेखी तक्रार आहे. तेलाबाबत म्हणाल तर यादीत हायड्रॉलिक आहे व हायड्रॉलिकच दिले असल्याने देण्यात चूक आढळत नाही.

बाई मेमो घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

“साहेब, ही दोन वेगळी आहेत.”

“यादीत एकच आहे ना?”

“यादीत जागा कमी आहे म्हणून एक आहे. पिंपात दोन आहेत.”

“हे बघा बाई, गाडी वाचली, चांगलंच झालं. मी मनापासून सांगतो. पण वर तक्रार गेली की उत्तर द्यावं लागतं, आणि नियमात तुम्ही बसत नाही. नुसती समज देतोय. तुमच्या नोकरीचे आता राहिलेत किती, आठ महिने. कशाला ताणता?”

चोर सोडून संन्याशाला सुळी, हे बाईंना पाठ होतं. पण इथे चोरही कोणी नव्हता, हीच पंचाईत होती. ओरडावं तरी कोणावर? त्यांनी सात ओळींचं उत्तर लिहिलं. त्यात दोन्ही तेलांची नावं पूर्ण लिहिली, एकही अक्षर न कापता. क्षमा मागितली ती फक्त परीक्षा बुडालेल्या मुलीची.

पंधरा दिवसांनी समज देण्यात आल्याचा कागद निघाला. महिनाभरानं मुख्य कार्यालयानं यादीतली जागाही वाढवली. नऊची बारा अक्षरं केली. जीएल-चार आणि जीएल-पाच मात्र अजूनही ‘गिअर ऑइल जीएल-’ एवढ्यावरच तुटत होती. बाईंनी चौथं पत्र लिहायला घेतलं.

समजेच्या कागदावर सही करायला आस्थापनेच्या कारकुनानं त्यांना बोलावलं. त्यांनी ‘मिळाले’ असं लिहून सही केली, तारीख घातली. मग पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत दोन रबर होते, एक धड, एक सुजलेला.

“हे माझ्या उत्तराला जोडायचंय.”

“बाई, फाइलला वस्तू जोडत नाहीत. कागद जोडतात.”

“कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.”

कारकुनानं दोन्ही रबर उचलून पाहिले. सुजलेला बोटांत दाबला, परत धड रबर दाबून पाहिला. मग त्यानं फाइलची नाडी सोडली, दोन्ही रबरांच्या मधल्या भोकांतून ओवली आणि गाठ मारली. सोबतच्या कागदांच्या यादीत एक ओळ वाढवली: रबर, नग दोन.

“मापंही लिहा,” बाई म्हणाल्या.

त्यानं फूटपट्टी काढली, मापं घेतली, लिहिली. फाइल मिटायला घेतली, पण ती मिटेना. त्यानं वरून तळहातानं दाबून पाहिली. हात काढला की पुठ्ठा पुन्हा बोटभर वर यायचा. शेवटी त्यानं ती तशीच, अर्धवट उघडी, कपाटात सगळ्यांच्या वर ठेवली.