जवभर बारीक गट्टू

मित्रांनो, भिंत सरळ आहे की नाही हे गवंडी ज्याला विचारतो, तो म्हातारा ओळंबा मी. दोरीच्या टोकाला माझा लोखंडी गोळा आणि वर, दोरीत ओवलेला लाकडी गट्टू. गट्टू भिंतीच्या माथ्याशी टेकवायचा, गोळा खाली सोडायचा. तो विटेला जेमतेम शिवला की भिंत सरळ. मात्र दोघांची जाडी सारखी हवी, एवढंच माझं शास्त्र.

माझा मालक थोरला गवंडी, जोडीला धाकटा भाऊ. धाकट्याची नजर अशी, की नुसत्या अंदाजाने रचलेल्या विटाही गुमान ओळीत बसत. मला थोडा रागच यायचा. मला न विचारता भिंत सरळ येतेच कशी?

एकदा माझा गट्टू फुटला. थोरल्याने न्याहारीच्या सुट्टीत घाईघाईने नवा तासला. तो जवभर बारीक झाला. गोळ्याशी लावून बघायचं राहूनच गेलं.

त्याच दुपारी त्याने मला धाकट्याच्या भिंतीला लावलं. भिंत अगदी सरळ होती, शपथेवर सांगतो. पण गट्टू बारीक, म्हणून माझा गोळा खालच्या विटांवर रेलला.

"माथा मागे गेलाय," थोरला म्हणाला.

"दादा, मला तर सरळ दिसतेय."

"ओळंब्यापेक्षा तू शहाणा? हातच वाकडा आहे तुझा. पाड ती."

सगळ्या कामगारांसमोर धाकट्याने स्वतःची भिंत पाडली. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. थोरल्याने माझ्या भरवशावर तीच भिंत पुन्हा उभारली आणि ती जवभर पुढे कलली. गिलाव्याखाली कुणाला दिसणार? लोकांनी वाहवा केली. मीही ती निमूट घेतली, याची मला आजही लाज वाटते.

अठरा वर्षांनी थोरल्याची मुलगी गवंडीकाम शिकू लागली. तिने गट्टू गोळ्याला चिकटवून पाहिला.

"बाबा, हा बारीक आहे."

थोरल्याने गट्टू स्वतः गोळ्याशी लावून पाहिला आणि त्याला ती पाडायला लावलेली भिंत आठवली. संध्याकाळी तो मला घेऊन भावाकडे गेला. धाकटा आता एका गोदामाच्या फाटकावर राखण करायचा.

"तुझी भिंत सरळ होती रे. चुकलं माझं."

धाकट्याने गट्टू आणि गोळा डोळ्यांजवळ धरून चाचपले. "दादा, मी पुन्हा वीट हातात धरलीच नाही. वाटलं, खरंच हात वाकडा असेल. आता तर नजरही अधू झाली."

मित्रांनो, हत्यारांना जपा म्हणजे नुसतं पुसून ठेवू नका. कुणाच्या हाताला नावं ठेवण्याआधी एकदा आम्हाला तपासून बघा. आम्हाला तोंड नाही. असतं, तर मी त्या दुपारीच ओरडलो असतो.