कंडक्टरची मान आणि माझे दोन मजले

मित्रांनो, मी एक जुनी दुमजली बस आहे; पण माझ्यात बसायला येऊ नका, मोडेन! माझी लांबी जेमतेम मीटरभर. खरी बस बांधण्याआधी कारखान्यात अशी लाकडी प्रतिकृती करून पाहतात.

मला घडवलं सुतारमामांनी. मामा उंचीने बेताचे, पण हाताला यश मोठं. आराखडा काढणाऱ्या बाईंनी कागदावर रेघा ओढल्या आणि मामांनी त्यातून मला उभं केलं. आत उभी करायला लाकडी माणसंही कापली, तीही स्वतःच्याच उंचीच्या प्रमाणात! जो तो माझं कौतुक करी आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढत जाई.

कारखान्याच्या साहेबांनी मात्र बजावलं होतं, "उद्या पसंत पडली तर ठीक, नाहीतर दुमजली बसचा नाद सोडा." म्हणून बाईंनी आदल्या दिवशी एका ताडमाड कंडक्टरला बोलावलं. त्याने वाकून माझ्या वरच्या मजल्यात डोकावलं.

"मामा, ही सगळी माणसं तुमच्याच घरची का हो?"

"का? काय झालं?"

"अहो, मी इथं उभा राहिलो तर दिवसभर मान वाकडी!"

मामांनी त्याच्या उंचीच्या प्रमाणात एक लाकडी माणूस कापला. तो काही केल्या आत मावेना. मामांचा चेहरा पडला.

"छत वर घेतो," मामा म्हणाले.

"नको, वळणावर उलटेल," बाई म्हणाल्या. थोडा वेळ त्या माझ्या चाकांकडे बघत बसल्या. "त्यापेक्षा छत तिथेच ठेवून दोन्ही मजलेच खाली घेऊया. खालची जमीन चाकांच्या मधोमध उतरवा."

मामांनी करवत लावली. खोटं कशाला सांगू, मी फार घाबरले होते. पण संध्याकाळी तो उंच लाकडी माणूस माझ्या वरच्या मजल्यात ताठ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी माझ्या वरच्या मजल्यात प्रवाशांच्या वजनाऐवजी वाळूच्या पुरचुंड्या भरल्या, खालचा रिकामा ठेवला. मी कलंडते का ते बघायला साहेब मला फळीवर ठेवून ती फळी एका बाजूने उचलू लागले. मामांनी डोळेच मिटले.

"अजून थोडी," साहेब म्हणाले.

"पुरे साहेब, तिला चक्कर येईल!" कंडक्टर म्हणाला आणि सगळे हसले. मी कलले, पण उलटले नाही.

पुढे माझ्यावरून खरी बस झाली. पहिल्या दिवशी मामा तिच्या वरच्या मजल्यावर बसले होते. कंडक्टर ताठ मानेने आला नि म्हणाला, "मामा, तिकीट?" मामांनी ते ऐटीत काढलं.

मी मात्र कपाटावर गेले. मित्रांनो, कधी आलात तर माझी धूळ पुसा, मला बरं वाटेल. पण कुणासाठी काही करायला घ्याल, तेव्हा आधी त्यालाच बोलावून विचारा. त्या दिवशी बाईंनी विचारलं नसतं, तर मी केव्हाच चुलीत गेले असते.